सहा दिवस उभी केलेली गाय

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमची गाय सोसायटीच्या चारा छावणीत होती. टँकरच्या हौदाजवळ कायम चिखल असायचा. तिथं ती घसरली, मागचे दोन्ही पाय फाकून बसली ती परत उठलीच नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर त्याच दुपारी आले. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तपासलं, बादलीत हात धुतले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "कमरेचं हाड मोडलंय. हे जुळत नाही. इंजेक्शन देऊन तिला सोडवू या. तुम्ही लिहून द्या, बाकीचं मी बघतो."

माझ्या हातात पेन होतं. भोवती गाव गोळा झालेलं. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "छावणीत गाय मारली म्हणून बोंब व्हईल. लई वंगाळ दिसंल. आपून उभी करू तिला." मी लगेच पेन खिशात ठेवलं. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

आमच्याकडं बसलेलं जनावर उभं करायची रीत आहे. पोटाखाली पोती घालायची, त्यातून वासे ओवायचे, दोन्हीकडून चार-चार गडी लावायचे. अशक्त जनावर त्यानं सावरतं, हे खरंय. पण आमची गाय अशक्त नव्हती, मोडलेली होती. हा फरक डॉक्टरांनी जाताना दोनदा सांगितला. आम्ही माना डोलावल्या.

सकाळ-संध्याकाळ तिला उचलायचो. लोक हातातली कामं टाकून यायचे. एवढा एकोपा गावानं पाण्यासाठीसुद्धा कधी दाखवला नव्हता. उचललं की ती घशातून हंबरायची. "बघा, हुशारी आली," कुणीतरी म्हणायचं. सोडलं की धाडकन खाली. चौथ्या दिवसापासून आम्ही येताना दिसलो की ती मान मागं घ्यायला लागली. बायको म्हणाली, "भेतीय ती तुमाला. कावून छळायलात तिला?" मी तिच्यावरच खेकसलो.

सहाव्या दिवशी हंबरणंही थांबलं. तेव्हा मी जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी पोत्याखालची सोललेली कातडी पाहिली आणि विचारलं, "रोज उचलायचात?" मी हो म्हणालो. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी लिहून दिलं. पाच मिनिटांत ती सुटली.

गावानं मात्र मला मोठं केलं. सहा दिवस सेवा केली म्हणून चेअरमननी सभेत नारळ दिला आणि मी तो निर्लज्जासारखा घेतला.

पुढच्या दुष्काळात भावकीतल्या एकाचा बैल कोरड्या विहिरीत पडला. वर काढला तेव्हा दोन पाय मोडलेले. तो माझ्याकडं आला. म्हणाला, "अण्णा, डॉक्टर म्हन्तेत इंजेक्शन द्या. तुमी ह्यातून गेलाव. मी काय करू?"

मला उत्तर ठाऊक होतं. दारात आणखी चार माणसं उभी होती. मी म्हणालो, "गावाला इचारून बघ."