परीक्षेची दाढ

डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला मी सगळ्यात जास्त बोललो ते एका प्लॅस्टिकच्या मुंडक्याशी. लॅबमध्ये बाकाला अशी मुंडकी अडकवलेली असतात, आ वासलेली. त्यांच्या दातांवर कोरायला शिकायचं. बाकीची पोरं जोडीजोडीनं बसायची, डॉक्टरांची पोरं सगळी. मी तोंड उघडलं की आमच्या मलकापूरची गावठी बोली बाहेर पडायची. एकदा सरांना "हाय की" म्हणालो, तर आठवडाभर मला त्याच नावानं हाका. मग मी तोंडच मिटलं. लॅब रिकामी झाली की मुंडक्याला विचारायचो, "काय पावणं, दुखतंय का?" हसू नका. दिवसभरात तेवढंच मोकळं बोलणं व्हायचं.

शिकवण ऐकायला सोपी होती. किडलंय तेवढंच कोरायचं, चांगलं राखायचं, खड्ड्याचा तळ सपाट ठेवायचा आणि मग चांदी भरायची. पण वरच्या दातांचं काम आरशात बघून करावं लागतं, आणि हात भलतीकडंच जातो. सुरुवातीला मी धड दात फोडून ठेवले. सर म्हणाले, "अरे, दात भरायचाय, विहीर खणायची नाही."

परीक्षेला मात्र खरी दाढ लागायची. माणसाची, काढलेली, पण थोडीशीच किडलेली, आणि ती ज्याची त्यानं मिळवायची. दाढ नाही तर परीक्षा नाही, आणि मग वर्ष बुडालंच. डॉक्टरांच्या पोरांकडं बरण्या भरून दात होते, पण त्यांच्याकडं मागायला जीभ रेटेना. कोल्हापुरात राजारामपुरीतले दातांचे दवाखाने पालथे घातले. आपली माणसं दाढ काढायला जातात ती पार पोखरून गेल्यावर. मला मिळाली ती नुसती टरफलं.

मी कसबा बावड्यात एकटाच खोली घेऊन राहायचो. हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा वास उशीपर्यंत यायचा. तिथनं एकदा वडिलांना, आण्णांना, फोनवर वैतागून म्हणालो, "माणसं दाढ सडंस्तवर काढतच न्हाईत, मी काय करू?"

"बघू की," एवढंच आण्णा बोलले.

रविवारी ते स्वतःच आले. एस.टी.तनं उतरल्या उतरल्या खिशातली औषधाची बाटली काढून माझ्या हातात दिली. आत दाढ. तंबाखूनं पिवळी पडलेली, पण लांब मुळांची, धडधाकट, वरच्या खाचेत फक्त एक काळी रेघ. मी हरखून गेलो. "कुठनं मिळवली?" म्हणून वर बघितलं, तर आण्णांचा गाल टम्म सुजलेला.

"गार पाणी लागायचं तिला," ते म्हणाले. "डॉक्टर भरतो म्हनत हुता. म्हटलं, भरू नका, काढा. पोराला लागती."

मी भर स्टँडवर ओरडलो. "डोकं फिरलंय का तुमचं? जन्मभर टिकली असती ही!"

"तुझं वर्स गेलं तर ते कुठनं आनू? आन् दाढा काय, हायत की अजून."

म्हशींची धार होती म्हणून आल्या पावली परत गेले. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी फोन काढला, सगळी नावं चाळली आणि तसाच खिशात ठेवला. सांगावं असं कोल्हापुरात माझं कुणीच नव्हतं.

परीक्षेला ती दाढ प्लॅस्टरमध्ये बसवून समोर घेतली. मशीन लावल्यावर शिंग जळल्यासारखा वास येतो, कुठल्याही दाताला येतो. त्या दिवशी मी मास्क नाकावर आणखी घट्ट ओढला. काळी रेघ लगेच निघाली, आणि खाली सगळा घट्ट, निरोगी दात. तिथंच हात थांबवला, केसभर जास्त कोरलं नाही. एवढं जपून मी आयुष्यात कशाला हात लावला नव्हता. सरांनी हत्याराचं टोक फिरवून बघितलं. "झकास," म्हणाले. "पण ही दाढ काढली कुठल्या गाढवानं?"

"सर, तपासून झाली की ही दाढ मला परत मिळेल का?" एवढंच मी विचारलं.

निकाल लागल्यावर फोन केला. "आण्णा, पास झालो."

"आन् दाढ? चांगली हुती न्हवं?"

"लई चांगली हुती."

"मग झालं तर," आण्णा म्हणाले, खूश होऊन.

फोन ठेवला आणि मी पोटभर रडलो. सरांकडून मागून आणलेली ती दाढ समोर टेबलावर होती. इतकी नीट भरलेली, की अजून वीस वर्षं तिनं सुखानं भाकरी चावली असती.