भुईगावच्या छपराचं सागवान

भुईगावच्या सभागृहाच्या छपरासाठी मी माझ्या वखारीतून दिलेलं सागवान कंत्राटदाराने परस्पर विकलं आणि मला फसवलं. सातिवलीच्या माझ्या वखारीत सागाचा ताजा भुसा नाकात गेला की आजही उद्घाटनाचा तो दिवस आठवतो. मी नुकताच नगरसेवक झालो होतो. सभागृहात रंगाचा आणि झेंडूचा वास कोंदला होता, सागाचा अजिबात नव्हता. वखारीतून माल सुटण्यापूर्वी प्रत्येक वाशाच्या टोकावर मी हातोड्याने माझी गोल खूण ठोकतो. इथे छपराबाहेर आलेल्या एकाही टोकावर ती नव्हती. "हा माझा माल नाही!" म्हणत मी कंत्राटदाराची कॉलर धरली. तेवढ्यात पक्षाचे नेते कानाशी आले. "अरे, आधी फीत काप, मग भांड. पुढच्या वेळी तिकीट हवंय ना?" जन्मभर वीतभर फळीसाठी भांडलेला मी गप्प बसलो आणि फीत कापली. सभागृहासाठी वाडीचा तुकडा देणारी म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बाबा, तुमचं लाकूड हाय म्हंजे आमाला काळजी नाय." काल ते वासे वाळवी लागली म्हणून उतरवले. उद्घाटनाच्या पाटीवर नाव माझं, म्हणून शिव्या मलाच पडतायत. कंत्राटदार वारला, पण नेते आहेत, म्हातारीही आहे. नेत्यांनी भुईगावात यावं, तिच्यासमोर उभं राहावं. मीही शेजारी मान खाली घालून उभा राहीन. पण माझं तोंड का बंद केलं, याचं उत्तर त्यांनीच द्यायचं.