मधूच्या गोळ्यांची मांडणी

पेशंटला पाहायला जाणारे केळी घेऊन जातात आणि किस्से घेऊन परततात! आमच्या मधू हार्डवेअरवाल्यानं दोन हजार चारमध्ये एका अटॅकात एवढे किस्से पुरवले, की माझ्या किराणा दुकानात अजून तोच माल खपतोय.

*

हिंगणीला दुकानातच त्याच्या छातीत कळ आली. "गॅस आहे," म्हणून पठ्ठ्यानं तीन सोडे रिचवले! चौथी बाटली घामानं हातातून सुटली, तेव्हा आम्ही त्याला जीपमध्ये टाकून नागपूर गाठलं. रस्त्यात कण्हत म्हणतो, "प्रकाश, भरला सोडा सांडला ना बे!"

*

डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून बंद नस उघडली, आत स्टेंटची बारीक जाळी बसवली. सिस्टरनं बजावलं, "सहा तास पाय वाकवायचा नाही. रक्त सुटेल."

तेवढ्यात मुलीचे सासरे आले. व्याह्यासमोर लोळून राहायचं? मधू ताडकन उठून बसला, "या, या, बसा!"

चादर लाल! सिस्टर धावली, वीस मिनिटं मांडी दाबून उभी. अंगावर दवाखान्याचा तोकडा झगा, समोर व्याही. अन् मधू विचारतो, "चहा घेता ना?"

*

तिसऱ्या दिवशी दाढी करताना ब्लेड लागलं. रक्त थांबेना. मधू ओरडला, "सिस्टर, नळ गळून राह्यला! वॉशर बदला!"

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "रक्त पातळ करणाऱ्या या नव्या गोळीमुळेच स्टेंट उघडा आहे. चुकवली, तर आत गाठ धरेल. जीव जाईल."

वहिनींचा चेहरा उतरला. मी छाती काढून म्हणालो, "वहिनी, गोळ्यांचं माझ्यावर सोडा. कॉलेज न पाहता तीस वर्षं दुकान चालवलं!"

घरी त्यांचं औषधांचं कपाट मी स्वतःच्या हातानं लावलं.

*

आठव्या दिवशी पुन्हा कळ. पुन्हा नागपूर. डॉक्टरांनी फुगा फुगवून बुजलेला स्टेंट मोकळा केला. मधू वाचला.

बाहेर येऊन त्यांनी वहिनींची पिशवी तपासली. नव्या पट्टीतली एकही गोळी फोडलेली नव्हती!

"ही का दिली नाही?"

"तिचा नंबरच नाई आला जी," वहिनी रडवेल्या झाल्या. "प्रकाशभाऊ म्हणाले, आधी मागच्या वर्षीच्या ॲसिडिटीच्या पट्ट्या संपवा, मंग नव्या काढा."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी छताच्या पंख्याकडे.

स्ट्रेचरवरून मधूनं हात जोडले. "डॉक्टरसाहेब, त्याले रागवू नका. वीस वर्षांपासून याच्याच दुकानातून रवा नेऊन राह्यलो. आज समजलं, अळ्या काऊन निघतात!"