नकाशावर थांबलेले काका

"उगडं कशाला ठेवाचं, बाय?" असं म्हणत काका मोबाईलवरची सगळी ॲप अंगठ्याने वर सारून टाकायचे, मासळीचे खवले काढावेत तशी. पाचूबंदरला बोटीवर उमर गेलेली. समुद्रात फोन चार्ज कुठे करणार? काम झालं की बंद. गुडघे गेले, बोट सुटली, आणि तीच सवय घेऊन ते आमच्या कुरिअरच्या ऑफिसात लागले.

तिथलं ॲप मी लिहिलं होतं. मिठागरावर राबणाऱ्या बापाची मी मुलगी, घरात कॉलेज केलेली पहिली. त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू.

फोन खिशात असला तरी माणूस कुठे आहे ते ॲपने आपलं आपण कळवत राहायचं. पंधरा मिनिटं काही कळलं नाही की ऑफिसच्या पडद्यावर नकाशात लाल अक्षरं यायची, 'थांबला'. काका पापडी गावाच्या वाड्यावाड्यांतून स्कूटरवर पार्सलं पोचवत फिरायचे आणि आमच्या भिंतीवर दिवसभर थांबलेले असायचे.

मॅनेजर म्हणाला, "हा माणूस झोपा काढतो. ॲप खोटं बोलतं का?"

"बोलतं," मी म्हटलं. "त्याला माहीत नसतं तेव्हाही ते 'थांबला' म्हणतं. मीच तसं लिहिलंय. आज बदलते."

"बदल. त्यांना मी सोमवारपासून येऊ नका सांगितलंय."

गिऱ्हाइकांच्या सह्यांचे कागद मी त्याच्या टेबलावर आपटले. त्याने हातसुद्धा लावला नाही. भिंतीवरचं खरं आणि हातातलं खोटं मानणारे असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. माझ्या तर डोक्यात जातात.

तेवढ्यात काका बॅग परत करायला आले, धुऊन, वाळवून. "मी कोनाच्या दारात बसलो, बाय? एक तरी दाखव."

मग मी सांगितलं. ॲप सारून बंद करायचं नव्हतं, केलं की ते कळवणंच थांबवतं. पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर तशी एक ओळ होती. इंग्रजीत. मराठीत लिहायला मला कमीपणा वाटला होता.

काकांनी बॅग खुर्चीवर ठेवली.

"रोज संगती चा पीत होतो आपन," ते म्हणाले. "तोंडानं सांगाचं ना."

कठड्याला धरत ते जिना उतरून गेले. त्याच दुपारी मी 'थांबला' काढून 'माहीत नाही' लिहिलं.

मॅनेजरवरचा राग सांगायला सोपा, म्हणून तो आधी सांगितला.