मीठं पाणी

पहिला डाग दिसला तेव्हा मला वाटलं, डोळ्याचाच काही घोटाळा आहे. मोतीबिंदू काढून थोडेच आठवडे झाले होते, काळा चष्मा नुकता उतरला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की सुरुवातीला रंग जरा वेगळे दिसतील. म्हणून एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. डाग तिथेच. बदामी, जेवणाच्या ताटाएवढा, लॉनच्या ऐन मधोमध. जरा पुढे आणखी एक. त्याच्या पुढे आणखी एक. "अगं बाई!" म्हणत मी पायरीवरच बसले.

लॉन म्हणजे काही राजवाड्यातलं नाही. थाटीपुरातल्या आमच्या घरापुढे फाटकापासून पायरीपर्यंत जेवढी जागा आहे तेवढंच. पण ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, रिटायर झाल्यावर ते स्वतःच्या हाताने लावलं, गुडघे टेकून एकेक काडी खोचत. हे गेले त्याला तीन उन्हाळे झाले. ग्वाल्हेरच्या एप्रिल-मेमध्ये गवत हिरवं ठेवायचं म्हणजे हट्टच लागतो, आणि हट्टाला आमच्या घरात कधी तोटा नव्हता. बोअरचं पाणी खारं, बादलीला पांढरा थर बसतो त्याने. ते गवताला चालायचं नाही. लॉनला फक्त मीठं पाणी, नळाला येतं ते, तिघऱ्याच्या धरणाचं. सकाळी नळ आला की आधी पिण्याचं भरायचं, मग टाकी, मग लॉन. ह्यांच्यामागे मी तो नेम एक दिवस मोडला नव्हता.

आता चार डागांसाठी एवढा जीव का टाकला, ते सांगते. मुलगा पुण्याला असतो, सूनही तिकडचीच. हे गेल्यापासून त्याचं एकच पालुपद, आई, घर काढून टाकू, तू इकडे ये. मी म्हणायची, अरे पण माझं अडलंय काय? तो म्हणायचा, आत्ता नाही अडलं, पण उद्या विसरायला लागलीस म्हणजे? तिकडे एकटीला कोण बघणार? तो असं बोलायला लागला की मी फोन घेऊन बाहेर यायची आणि त्याला लॉन दाखवायची. "हे बघ. विसरणाऱ्या बाईचं लॉन असं असतं का रे?" मग तो विषय बदलायचा. माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. औषधं वेळेवर घेते, गॅस बंद करते, हे सगळं मी तोंडाने सांगायचं आणि त्याने ऐकायचं. लॉन मात्र दिसायचं.

आणि नेमकं त्यालाच काय ते झालं. डाग लपवायचे म्हणून मी फोन फाटकाकडे वळवला, पण तो कसला सोडतो. "आई, मागे घे फोन. ते काय आहे पिवळं?" मग अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "आई, तू त्याच्यावर काही टाकतेस का? फिनाइल वगैरे? नीट आठवतंय का तुला?"

माझा पारा असा चढला! म्हटलं, "मला तुझा जन्म आठवतो, फिनाइल कुठे ओतलं ते आठवणार नाही?" तो चिडला नाही. त्याचंच वाईट वाटलं. पूर्वी माझ्यासारखाच फाडकन बोलायचा. तो एवढंच म्हणाला, "मेअखेर आम्ही दोघं येतोय. तिकिटं काढलीत. तेव्हा घराचं काय ते ठरवूनच टाकू."

म्हणजे मेअखेरपर्यंत मला हे शोधून काढायचं होतं की लॉन कशाने जळलं. किडीने की उन्हाने की माझ्या डोक्याने.

शेजारच्या भाभीजींनी आधी उन्हावर ढकललं. "अरे, गर्मी है, और क्या!" बाई चांगल्या आहेत, डोळ्याच्या वेळी दोनदा खिचडी घेऊन आल्या. पण ऊन काय ताटाच्या आकाराचं पडतं? मग माझा संशय गेला त्यांच्याच कुत्र्यावर. कुत्र्याच्या मुताने गवत जळतं हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी खिडकीत खुर्ची टाकून त्याच्यावर पाळत ठेवली. मेला रोज यायचा, फाटकाच्या खांबावर पाय वर करायचा आणि साळसूदासारखा परत जायचा. लॉनवर एक पाऊल टाकलं नाही पठ्ठ्याने. हुमणी असेल म्हणून खुरपीने एक डाग उकरला, कारण ती पांढरी अळी मुळं खाते आणि गवत सतरंजीसारखं सुटून हातात येतं. ते सुटेना. वाळवीची माती कुठे दिसेना. मी जमिनीवर बसून एकेक पातं बघत होते आणि तोंडाने बडबडत होते, "बोला ना, काय झालंय? मुके का झालात सगळे?"

हसायचं असेल तर हसा. दिवसभरात मराठी बोलायला मला तेवढंच होतं. इथल्याच खासगी बाजार मोहल्ल्यात माझं लहानपण गेलं तेव्हा खिडकीतून नुसतं ओरडलं तरी चार घरांतून मराठीत ओ यायची. त्यातले किती गेले, किती दिल्ली-पुण्याला लागले, आणि जे आहेत त्यांची नातवंडं माझ्याशी दोन शब्द मराठीत बोलून तिसऱ्याला हिंदीत शिरतात. भाजीवाला, दूधवाला, भाभीजी, सगळे हिंदी. संध्याकाळ झाली की मला वाटतं, आज आपला आवाज आपण ऐकलाच नाही. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशनच्या वेळी सून येऊन राहिली होती, ते आठ-दहा दिवस तेवढे सुखाचे गेले. ती पक्की पुण्याची. मी म्हटलं, "पंखा चालव गं," की ती हसायची, "आई, पंखा लावतात." मी भाजी कापायची, ती चिरायची. मी म्हणायची, आमचं ग्वाल्हेरचं मराठी असंच, हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसलेलं. माझ्या डोळ्यावर पट्टी, उन्हात जायची बंदी, म्हणून लॉनचं पाणी तिच्याकडे सोपवलं होतं. नळी जुनी, मध्येच फुटलेली, म्हणून बादली-मगाने घालायचं. मी आतून रोज विचारायची, "दिलंस का गं लॉनला मीठं पाणी?" ती म्हणायची, "हो आई, दिलं. तुम्ही सांगितलं तसंच." गुणी पोर. ती गेली तेव्हा लॉन हिरवं होतं, निदान काळ्या चष्म्यातून तरी.

डागांचं कोडं काही सुटेना, तेव्हा एक दिवस मी गच्चीवर गेले आणि वरून पाहिलं. डाग वेडेवाकडे नव्हतेच. दोन रांगांत, सारख्या अंतरावर, पंगतीत पानं मांडावीत तसे होते. अळी अशी रांगेत बसून खात नाही. रोगही असा मोजून पसरत नाही. हे माणसाच्या हाताचं काम होतं.

खाली आले, डागातली माती चिमटीत घेतली. वर बारीक पांढरं काही चकाकत होतं. जिभेवर ठेवलं. खारट! बोअरच्या पाण्याची ती कडसर, खडूसारखी चव मला चांगली माहीत आहे. ही ती नव्हती. हे स्वयंपाकघरातलं मीठ होतं.

आत जाऊन लोणच्याच्या मिठाची बरणी उघडली. कैऱ्या बाजारात आल्या होत्या, एवीतेवी ती काढायचीच होती. होळीनंतर मी स्वतः ती जाड्या मिठाने गळ्यापर्यंत भरली होती. आता तळाला मूठभर उरलं होतं.

ह्या घरात मी एकटी. बरणी माझी, लॉन माझं, हात माझे. मीठ नेऊन ओतणारी दुसरी कोण असणार? मुलगा म्हणाला ते खरं की काय? मी काहीतरी करते आणि मला कळतही नाही? त्या दिवशी मी जेवले नाही. पुढचे काही दिवस प्रत्येक गोष्ट दोनदा बघायचे. कुलूप लावलं की ओढून बघायचे, परत येऊन परत ओढायचे. गोळी घेतली की मोठ्याने म्हणायचे, "घेतली हं." मुलाचा फोन आला तर भाभीजी आल्यात असं सांगून ठेवून द्यायचे. मरणाची भीती मला ह्यांच्या वेळीही वाटली नव्हती इतकी ही भीती वाटली. आपणच आपल्या हातून निसटतोय, आणि सांगायचं कोणाला? ज्याला सांगायचं तोच तर हे सिद्ध व्हायची वाट बघत होता.

मग रविवारी सुनेचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ती चाचरत म्हणाली, "आई, हा सांगत होता लॉन वाळलंय म्हणून. मी गेल्यावर मीठ-पाणी बंद झालं, त्याने तर नाही ना झालं?"

"काय बंद झालं?"

"मीठ-पाणी. तुम्ही रोज विचारायचात ना, लॉनला मीठ पाणी दिलंस का. मी बादलीला दोन मुठी टाकायचे. जाडं मीठ लवकर विरघळायचं नाही, मग दर चार पावलांवर बादली ठेवली की तळाचं सगळं तिथेच ओतून द्यायचे, वाया जायला नको म्हणून. कमी पडलं का?"

क्षणभर माझ्या डोक्यात काही शिरेना. आणि शिरलं तेव्हा मी जी हसत सुटले! नव्या डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले. "अगं वेडे! मीठं पाणी गं, मीठं! मीठा पानी! तुमच्याकडे गोडं म्हणता ते!" मला नाचावंसं वाटत होतं. माझं डोकं ठिकाणावर होतं! मी काही केलं नव्हतं, मी काही विसरले नव्हते. तिकडे ती रडायला लागली. म्हटलं, "रडतेस काय, गवत आहे ते. चार दिवस भरपूर पाणी सोडलं की मीठ खाली उतरेल, दूब आहे, तुमची हरळी, ती कुठे अशी मरते?" ती हुंदके देत म्हणाली, "मला विचित्र वाटलं होतं हो आई. म्हणून मी ह्याला फोनवर विचारलंही होतं. तो म्हणाला, घाल."

माझं हसू तिथेच थांबलं. मुलाने तिच्या हातातून फोन घेतला.

"आई, सॉरी. मला वाटलं बाबांचा एखादा उपाय असेल. त्यांचे काय, सतरा उपाय असायचे."

"अरे, पण मीठं पाणी," मी म्हटलं. "तूच ना सकाळी फाटकापासून ओरडत यायचास, आई, मीठं पाणी आलं, बादल्या लाव म्हणून?"

"हो का?" तो म्हणाला. "विसरलो गं. किती वर्षं झाली."

मला आठवतंय की नाही, ह्याची काळजी करणारा हा! जिभेवर आलं होतं, पण गिळलं. ह्या गल्लीत वाढलेल्या पोराला त्याच्या आईचं बोलणं परकं झालं होतं आणि त्यात त्याचा काही गुन्हा नव्हता. मनात कुठेतरी मी धरून चालले होते की तो कधीतरी परत येईल, म्हातारपणी का होईना, ह्या घरात राहील. असं मी कधी बोलले नव्हते, पण सगळं सांभाळत होते ते त्याच्यासाठीच. तो येणार नव्हता. हे मला एका 'हो का'ने कळलं.

मग गच्चीपासून मातीपर्यंत सगळं त्याला सांगितलं. तो मात्र ऐकून खुशीत आला. "पण आई, एक झालं. तू सगळं शोधून काढलंस, वरून बघितलंस काय, माती चाखलीस काय! तू तर आमच्यापेक्षा ठणठणीत आहेस. मी उगाच घाबरलो होतो. राहा तू तिथेच, तुला हवं तितकं. घराचा विषय मी परत काढणार नाही."

"मग! मी म्हणतच होते," मी म्हटलं.

"हो ना. मग आता मेमध्ये एवढ्या लूच्या झळांत यायची काही घाई नाही. मला सुट्टीही कठीणच होती. तिकिटं रद्द करतो. दिवाळीचं बघू."

"बरं," मी म्हणाले.

फोन ठेवला. जिंकले होते. महिनाभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते सगळं मिळालं होतं, आणि घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. मला पुण्याला जायचं नव्हतंच. पण त्यांनी यावं, मला उचलून न्यायला म्हणून का होईना, यावं, असं फार वाटत होतं. मी नाहीच म्हटलं असतं, त्याने आवाज चढवला असता, मीही चढवला असता, सुनेने मध्ये पडून दोघांपुढे चहा आणून ठेवला असता. चार दिवस ह्या घरात भांडायला माणसं असती.