पडद्यामागचे मालक

गेल्या महिन्यापासून 'सिल्व्हर क्रेन'मध्ये कुणी तक्रार केली की हाफिजचाचा मान डोलवतात, "मालकांना विचारून येतो" म्हणतात आणि स्वयंपाकघराच्या निळ्या पडद्याआड जातात. आत उभे राहून दहापर्यंत मोजतात. मग बाहेर येऊन मालकांचं उत्तर सांगतात.

आत मालक नसतात. मालक हाफिजचाचाच.

हे दोह्यात चारच जणांना ठाऊक होतं: स्वतः चाचा, त्यांचा जावई अमान, हाताने ओढून नूडल्स करणारा होमबहादूर आणि मी. परवान्याचे ऑनलाइन फॉर्म मी भरून दिले होते. मी मेसईदच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे, पण ओळखीच्या लोकांच्या लेखी माझं खरं काम फॉर्म भरणं. आणि चाचा काही नुसते ओळखीचे नाहीत. मी दोन वर्षांची असताना मला उंच खुर्चीत बसवून पट्टा त्यांनीच लावला होता.

मुशैरिबच्या मागच्या गल्लीतलं हे कोरियन-चायनीज रेस्टॉरंट माझ्याहून जुनं आहे. बाबा बांधकामातले, त्यामुळे पहिली काही वर्षं त्यांना वाटायचं की नावातला क्रेन म्हणजे ओझी उचलणारा. पाटीवरचा क्रेन पक्षी त्यांनी उशिरा पाहिला. हे रेस्टॉरंट काढलं होतं कोरियातल्या बुसानच्या ओ मॅडमनी. बाणकोटचे हाफिजचाचा अठ्ठ्याण्णव साली तिथे नोकरी मागायला गेले, तेव्हा दोघांना समाईक अशी एकही भाषा नव्हती. मॅडमनी एक कांदा आणि सुरी पुढे केली. चाचांनी कांदा चिरला, मग शेजारचाही चिरला. कुणी थांब म्हणेना म्हणून अर्धं पोतं चिरलं. झाली मुलाखत.

पुढे भांडी, मग कणीक, मग काळी ग्रेव्ही. सोयाबीनची आंबवलेली काळी पेस्ट तेलात परतायची, त्यात कांदा आणि मांस, आणि ती जाड नूडल्सवर ओतायची. आमच्या घरी या पदार्थाचं नाव 'काळं'. मूळ चिन्यांचं, कोरियात जाऊन कोरियन झालेलं. पेस्ट किती परतायची हे ओ मॅडमनी चाचांना शब्दांत कधी सांगितलं नाही. वास बदलला की हातावर चापट मारायच्या. सात-आठ वर्षांनी चापट बंद झाली, तेव्हा चाचांना कळलं की आपल्याला जमलं. मग गुडघे दुखायला लागले आणि ते पांढरा शर्ट घालून बाहेर वाढायला आले.

यंदा मॅडमना नातवंडांकडे जायचं होतं. जागा घ्यायला एक चहावाला आला, एक मोबाइलवाला आला. मॅडम चाचांना म्हणाल्या, तू घे. चाचांनी गावी फोन लावला. गावच्या घराच्या वरच्या मजल्यासाठी ठेवलेले पैसे जातील म्हटल्यावर मुनीराचाची म्हणाल्या, "जाऊ देत. खालचाच झाडून व्हत नाय."

तेव्हापासून चाचा सकाळी सहा ते अकरा ग्रेव्ही करतात, आंघोळ करतात आणि वेटर होऊन बाहेर येतात.

"पण लपवायचं कशाला?" मी विचारलं होतं.

"पोरी, बाणकोटवाल्याच्या हातचं काळं खायला कोरियन येतील? आधी खाऊ देत. बे साहेबांनी खाल्लं की सांगू."

बे साहेब मेसईदला एका कोरियन कंपनीत आहेत. वीस वर्षं दर शुक्रवारी दुपारी ते माणसं घेऊन यायचे आणि खिडकीजवळचं लांब टेबल भरायचे. मॅडम कोरियाला परत गेल्या आणि ते टेबल रिकामं पडलं. एक शुक्रवार, दोन, पाच. अमान म्हणाला, "चाचा, खलास. मंचुरियन ठेवा, बिर्याणी ठेवा, पाटी बदला." चाचांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. त्या महिन्यातला शेवटचा शुक्रवार होता, आणि आई-बाबांबरोबर मी गराफाच्या घरून जेवायला आले होते. लांब टेबलावर पाण्याचे सात ग्लास मांडलेले होते.

माझी आई, सुचित्रा, हिला मालक बदलल्याचं कळल्यापासून प्रत्येक घासात फरक लागत होता.

"हाफिजभाई, काळं ठीक आहे. पण हा मुळा बघा." बरोबर येतो तो पिवळा, मुरवलेला मुळा. "आंबटपणा कुठाय याला? नवीन मालकांना कळतं का काही?"

"विचारून येतो, वहिनी."

पडदा हलला. मी मोजलं. आठ, नऊ, दहा.

"मालक म्हणतात, मुळा नवीन ठिकाणचा हाय. मुरायला वेळ लागंल."

"वेळ लागेल म्हणे. आणि ओ मॅडम तळलेले डम्पलिंग द्यायच्या, न मागता. ते का बंद केले? कंजूष दिसतोय."

चाचा पुन्हा पडद्याकडे निघाले. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, कारण हसू येत होतं. डम्पलिंग बंद का होते हे मला माहीत होतं. कोरियन चायनीजमध्ये मालक आपल्या मर्जीने एखादी बशी फुकट पाठवतो, त्याला ते 'सर्विस' म्हणतात. ती मालकानेच द्यायची; ओ मॅडम तर स्वतः आणून ठेवायच्या. वेटरने दिली तर दोनच अर्थ निघतात: एक तर तो चोर आहे, नाहीतर मालक.

"मालक म्हणतात, बगू," चाचा येऊन म्हणाले.

"एकदा बाहेर बोलवा त्यांना. मी बोलते."

"अगं, जेव," बाबा म्हणाले. "डम्पलिंगसाठी शिष्टमंडळ नेणार आहेस का?"

तेवढ्यात दार उघडलं. बे साहेब, मागे सहा जण.

चाचांच्या हातातली किटली आमच्या टेबलावरच राहिली. साहेब नेहमीच्या खुर्चीत बसले आणि सात काळं मागितलं. चाचा आत गेले, ते दहा अंक उलटले तरी आले नाहीत. मग स्वतः वाडगे घेऊन आले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी प्लांटमध्ये प्रेशरचा काटा बघते तशी बे साहेबांकडे बघत होते. त्यांनी नूडल्स कालवल्या. पहिला घास घेतला. गल्ल्यामागच्या ओ मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. दुसरा घास घेतला. मुळा खाल्ला, आणि किंचित थांबले. आईने मला कोपर मारलं, म्हणजे बघ, त्यांनाही कळलं.

नूडल्स संपल्यावर साहेबांनी वाडगा पुढे सरकवला आणि म्हणाले, "हाफिज, राइस."

उरलेल्या ग्रेव्हीत कालवायला भात मागणं ही ओ मॅडमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी पावती होती. भात मागितलेला वाडगा त्या कधी दुसऱ्या कुणाला उचलू द्यायच्या नाहीत.

चाचा पडद्याआड गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात भात होता आणि दुसऱ्या हातात गरम डम्पलिंगची मोठी थाळी. ती टेबलाच्या मधोमध ठेवून ते म्हणाले, "सर्विस."

म्हणून गेल्यावर त्यांना कळलं.

सातही जण थांबले. बे साहेबांनी थाळीकडे पाहिलं. "ही कोण देतंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मालक."

"कुठे आहेत?"

चाचा सवयीने पडद्याकडे वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. साहेबांची नजर त्यांच्या पांढऱ्या बाहीवर होती. मनगटाजवळ काळ्या ग्रेव्हीचा एक ठिपका राहिला होता. आंघोळीनंतर पुन्हा ढवळायचा मोह झाला असणार.

"मला वाटलं, नव्या मालकाने मिसेस ओंना आत लपवून ठेवलंय," साहेब म्हणाले. मग उठले, थोडे वाकले आणि एकच शब्द बोलले, "साजांगनिम." म्हणजे मालकसाहेब. बाकीचे सहा जण तोंडात घास असतानाच वाकले.

चाचा त्यांच्याशी कोकणी चालीच्या कोरियनमध्ये बराच वेळ बोलले. परत आमच्याकडे आले तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा हसरा. "पाच शुक्रवार का नाय आयले, ठाऊक हाय? त्यांचा प्लांट दुरुस्तीसाठी शटडाउनला होता. सुट्टीच नव्हती. आणि मी इथं दर शुक्रवारी सात ग्लास मांडतोय."

"पण ते तुम्हाला वाकून काय म्हणाले?" आईने विचारलं.

मी सांगितलं. आईने काटा खाली ठेवला. कंजूष, कळत नाही काही, बाहेर बोलवा त्यांना, हे सगळं तिला एकेक करून आठवत असलेलं दिसत होतं.

"वल्लरी, तुला माहीत होतं?"

"फॉर्म मीच भरले."

"आणि मला बोलू दिलंस."

"वहिनी, तुमचं ऐकूनच तर मी चालवतोय," चाचा म्हणाले. "बाकीचे तोंडावर गोड बोलतात."

आईने मुळ्याची बशी त्यांच्याकडे सरकवली. "अभिनंदन, हाफिजभाई. मनापासून. पण मुळा आंबट नाही तो नाहीच."

चाचांनी बशी उचलली. निळ्या पडद्याकडे बघितलं आणि होते तिथेच उभे राहिले. मुळ्याची एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, सावकाश चावली.

"मालक म्हणतात," ते म्हणाले, "खरं हाय."