इरिनाबाईंची बारा वाक्यं

विमानातून खाली पाहिलं तर आधी निळा समुद्र आणि मग एकदम पिवळी, सपाट जमीन. मुलीच्या बाळंतपणासाठी मी चिपळूणहून बहरीनला आले होते. जावई एसी दुरुस्त करतात. त्यांची खोली गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या दुकानात कढीपत्ता, कोकम सगळं मिळतं. परका देश वाटेना.

वरच्या मजल्यावर इरिनाबाई राहत होत्या. रशियातल्या, साठीच्या, लेकीच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. दुकानांतून शिकलेलं त्यांचं हिंदी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून मी त्यांच्याशी बोलू लागले. तिकडे त्यांनी वीस वर्षं नाटकांत कामं केली, सात सिनेमे केले. आणि इथे? जुफैरच्या एका दुकानासमोर अस्वलाचा पोशाख घालून फुगे वाटायचे. भर उन्हात! ऐकून माझं डोकं फिरलं.

मग त्यांना एका अरबी फिल्ममध्ये आईचं काम मिळालं. बारा वाक्यं होती. महिनाभर रोज संध्याकाळी गच्चीवर त्या ती पाठ करायच्या आणि मी बाळाची दुपटी वाळत घालताना ऐकायचे. अर्थ कळत नव्हता, पण ऐकून ऐकून एखादा शब्द राहिला की कळायचं. मग मी हात वर करायचे.

एकदा त्यांचे कागद खाली पडले. मी उचलून कपाळाला लावणार, तोच बाई चक्क त्यांच्यावर बसल्या!

"अहो, विद्येवर बसता?" मी मराठीतच ओरडले.

"हमारे में ऐसा, दीदी. कागज गिरा, नहीं बैठा, तो रोल गया."

शूटिंग झिंजमधल्या एका घरात होतं. बाई मला सोबत घेऊन गेल्या. लांब बाह्यांच्या झग्यात त्या खरंच कुणाची तरी आई दिसत होत्या. तेवढ्यात फिल्मवाल्यांचा एक हिंदुस्थानी माणूस आला.

"मॅडम, डायलॉग मत बोलो. वन, टू, थ्री गिनो, बस. आवाज दूसरी का डालेंगे."

"क्यों?"

"आपका अरबी बाहर का लगता है."

"पहले नहीं बोला."

"अभी बोला ना. यल्ला (चला)!"

बाईंचा चेहरा पडला. दुकानवाल्याला त्यांचं तोंड नको होतं, ह्यांना तोंड हवं तर आवाज नको. परक्या पुरुषांसमोर मी कधी बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले.

"एक महिना याद किया है. बोलने दो उनको."

"ये कौन है?"

"मेरी डायरेक्टर," इरिनाबाई म्हणाल्या. सगळे हसले. मी हसले नाही.

कॅमेरा सुरू झाला आणि बाईंनी आकडे मोजले नाहीत. बाराही वाक्यं म्हटली. दिवे धरणारा म्हातारा अरब डोळे पुसत होता. मला हात वर करावा लागला नाही.

"खलास (झालं)," तो माणूस म्हणाला आणि घड्याळ पाहायला लागला.

मी चिपळूणला परतल्यावर मुलीने ती फिल्म मोबाईलवर पाठवली. बाईंच्या तोंडात कुणा पोरीचा गोडगोड आवाज. मी लगेच बाईंना फोन लावला.

"जाने दो, दीदी," त्या म्हणाल्या.

त्या देतात जाऊ. मी देणार नाही. आमच्या घरात ती फिल्म बघायची तर आवाज बंद करूनच, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.